बोडीतलं तांबं

“बाई, खरं काय जी? उद्या आमची बोडी फोडणार?”

मी परीक्षानळ्या धूत होते. राहुटीच्या दाराशी बयनाबाई उभी होती. कमरेपर्यंत ओलं लुगडं, डोक्यावर शिंगाड्यांची टोपली, आणि ती टोपली खाली ठेवायचंही तिला भान नव्हतं.

“कोण म्हणालं तुला?”

“डोमाजी मुकादम माणसं गोळा करून रायला. उद्या दिवस निघाला की पाळ कापाची म्हणे, सारं पाणी सोडून द्याचं, अन् मंग खालच्या गाळात खोदाचं. तुमच्या साहेबाले तिथं तांबं दिसलं म्हणते.”

मी हातातली नळी पुसत राहिले. साहेबांना तांबं दिसलं होतं ते माझ्याच आकड्यांत.

खनिजं शोधणाऱ्या एका खात्यात मी, मंदाकिनी चौथाईवाले, तेव्हा रसायनतज्ज्ञ होते. आमडोह गावाच्या कडेला आमचा कॅम्प पडला होता. ओढ्यांतली, शेतांतली, टेकडीच्या उतारावरची माती पोरं पिशव्यांत भरून आणायची, मी ती ॲसिडमध्ये उकळून तपासायची, आणि कुठल्या पिशवीत किती तांबं हे नकाशावर मांडलं जायचं. सगळीकडे आकडे नेहमीसारखे, बारीकसारीक. फक्त गावच्या बोडीतल्या गाळात ते एकदम चढलेले. बोडी म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातलं लहानसं तळं. तिच्यात बयनासारख्या ढिवरांची, म्हणजे तिथल्या मासेमारांची, मासोळी, त्यांचेच शिंगाडे, आणि खालच्या अंगाला सगळ्या गावाचा धान.

“पाणी गेलं तं वेल उन्हात पडते बाई,” बयना म्हणाली. “दोन दिवसात काळा होते. ते जाऊ द्या, एका सालाचं नुकसान सोसतो आमी. पण खाली कुदळ लागली तं बोडीचं बूड फुटते. मंग किती का पाऊस पडो, पाणी ठरत नाही. पलीकडच्या टोलीवरची बोडी तशीच गेली. विहीर खोदाले गेले अन् बूड फोडलं. आता तिथं बकऱ्या चरते.”

“मी साहेबांशी बोलते.”

“तुमी?” ती इतक्या काळजीतही हसली. “तुमी बोलता ते तुमच्या पदराले तरी ऐकू येते काय जी?”

खोटं नव्हतं. माझा आवाज लहानपणापासून खाली. शाळेत बाई म्हणायच्या, मंदाकिनी, कविता फळ्याला नको, वर्गाला म्हणून दाखव.

शितोळे साहेब त्यांच्या राहुटीत नकाशावर वाकून बसले होते. माणूस वाईट नव्हता. चहा पिताना सगळ्यांना विचारायचा, कामगाराच्या पोराला ताप आला तर जीप द्यायचा. पण मागच्या दोन कॅम्पांतून रिकाम्या हातांनी परतलेला. नागपूरहून वरिष्ठ येणार होते, आणि त्यांना दाखवायला साहेबांजवळ ही एकच लाल खूण होती.

“साहेब, बोडीबद्दल जरा...”

“बाई, तुमचा आवाज ऐकायला मला डॉक्टरची नळी लावावी लागेल. काय?”

“गाळ चिकणमातीचा आहे. तांबं तिथलंच असेल असं नाही. पाण्याबरोबर दुसरीकडून आलेलं असेल. मातीनं ते धरून ठेवलं असेल.”

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. “बोडीचं पाणी कोणी तपासलं?”

“मीच.”

“त्यात तांबं किती निघालं?”

“नाही निघालं.”

“शून्य. बरोबर? मग ज्या पाण्यात तांबंच नाही, त्या पाण्यानं गाळात तांबं आणून टाकलं कसं? आणि तेही इतकं?” ते चिडून बोलत नव्हते, समजावून सांगत होते, आणि तेच मला जड गेलं. “पुस्तकात मीही वाचलंय, माती धातू धरते. चिमूटभर धरील. एवढं? नाही बाई. गाळाखाली खडक आहे, त्या खडकात तांबं आहे, तेच वर आलंय. सरपंचाची सही झालीय. तुमचा जीव त्या शिंगाडेवालीत अडकलाय, मला कळतं. पण तुमच्याकडे पुरावा काय?”

पुरावा नव्हता. ते म्हणाले, “असेल तर आणा,” आणि नकाशावर वाकले.

बाहेर आले तर टेकडीमागे सूर्य बुडालेला. आणि माझा देव अजून राहुटीतच.

माझा एक नेम होता. खरं म्हणजे माझ्या आईचा. ती गेल्यावर तो माझ्याकडे आला, तिच्या ताम्हनासकट. रोज सकाळी मातीचं शिवलिंग करायचं, त्याची पूजा करायची आणि सूर्य मावळायच्या आत ते पाण्यात सोडायचं. उठल्यापासून पूजा होईपर्यंत मौन. कॅम्पात आल्यावर मी राहुटीमागच्या वारुळाची माती घ्यायची आणि संध्याकाळी बोडीवर विसर्जनाला जायची. इतकी वर्षं सांभाळलेलं ते विसर्जन त्या दिवशी साहेबांशी बोलण्यात राहून गेलं.

आईनं यावरही सांगून ठेवलं होतं. दिवस मावळल्यावर देव पाण्यात सोडायचा नाही. आणि आदल्या दिवशीचा देव घरात असताना दुसऱ्या दिवशी खाणं नाही, नवी पूजा नाही, तोंडातून शब्द नाही. आधी त्याला पाण्यात पोचवायचं, त्या दिवशीचं मौन तिथेच सुटतं.

मी महादेवाची क्षमा मागितली, ताम्हन पाटावर तसंच झाकून ठेवलं आणि पडले. झोपले असं म्हणवत नाही.

पहाटे उठून अंघोळ केली आणि ताम्हनावरचं झाकण काढलं.

लिंग बेलाच्या पानावर जसंच्या तसं होतं, खाली थोडं ओघळलेलं. त्याच्याभोवती कालच्या अभिषेकाचं दहीपाणी साचलेलं, वर स्वच्छ निवळलेलं. शेजारी पंचपात्र. त्यात कालचं उरलेलं दही होतं, मी धुवायचं विसरले होते. त्या दह्याचं पाणी हिरवंनिळं झालं होतं. कळकलं होतं. तांब्याच्या भांड्यात आंबट राहिलं की कळकतंच, त्यात नवल नाही. घरोघरच्या बायकांना ठाऊक असतं. मी ते फेकून द्यायला उचललं.

आणि पुन्हा खाली ठेवलं.

ताम्हनही तांब्याचंच. दहीही तेच. रात्रही तीच.

मी ताम्हनाजवळ वाकून बघितलं. पाणी निवळशंख. हिरवेपणाचा मागमूस नाही.

किती वेळ तशीच बसले होते कोण जाणे. बाहेरून कुदळींचा खणखणाट आला, माणसं बोडीकडे निघाली होती. मी भराभर एका पिशवीत परीक्षानळ्या भरल्या, डायथिझोनची बाटली आणि नळ्या धुवायच्या पाण्याची मोठी बाटली घेतली, वारुळाच्या मातीची पुडी घेतली, पंचपात्र एका हातात, ताम्हन दुसऱ्या हातात. डायथिझोन म्हणजे हिरव्या रंगाचं, पाण्यात न मिसळणारं जड द्रावण. तांब्याचा अंश मिळाला की जांभळं होतं. एवढं एक त्याचं काम, आणि ते फार इमानानं करतं.

बोडीच्या पाळीवर डोमाजीची माणसं ओळीनं उभी होती. शेजारच्या गावची सगळी. कमरेपर्यंत पाण्यात बयनाबाई आणि तिच्याबरोबरच्या बाया जितके हाताला लागतील तितके शिंगाडे ओरबाडून टोपल्यांत टाकत होत्या. शितोळे साहेब पाळीवर खुणेचा चुना टाकून घेत होते.

मला येताना पाहून डोमाजीनं हात वर केला. “थांबा रे. बाईचा देव पाण्यात जाऊ द्या.”

माणसांनी कुदळी जमिनीला टेकवल्या.

“काय झालं?” साहेबांनी विचारलं.

“बाईचं विसर्जन व्हवू द्या जी साहेब. कालचा देव रायला वाटते बाईचा. देव हातात घेऊन बाई उभी अन् आमी पाण्याच्या मुळावर कुदळ घालाव, हे बराबर नाही.”

“ठीक आहे, ठीक आहे. करा बाई, लवकर करा.”

मी पायऱ्यांपाशी गेले. नेहमी मी तिथेच, शेवटच्या दगडावर वाकून, लिंग पाण्यात सोडत असे. त्या दिवशी मी त्या दगडावर पदर सावरून बसले, ताम्हन मांडीजवळ ठेवलं, आणि पिशवीतून नळ्या काढून ओळीनं मांडायला लागले.

“बाई? हे काय?”

मी तोंडावर बोट ठेवलं.

“मौन धरलं हाये जी बाईनं,” डोमाजी म्हणाला. “देव पाण्यात गेल्याबिगर बोलत नाही ते.”

“अरे, मग घालवा ना देव पाण्यात!”

मी साहेबांना हातानं शेजारच्या दगडावर बसायची खूण केली. मी लिहून दिलं असतं तर त्यांनी कागद वाचून खिशात घातला असता. ते शब्द काल त्यांनी ऐकलेलेच होते. ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मी पुन्हा खूण केली. माणसं बघत होती. शेवटी ते पुटपुटत बसले.

पहिल्या नळीत मी पंचपात्रातलं हिरवट पाणी घातलं, वर द्रावणाचे थेंब, आणि हलवलं. हिरवं होतं ते गडद जांभळं झालं.

“कळकलंय,” साहेब म्हणाले. “तांब्याच्या भांड्यात दही ठेवलं तर कळकणारच. माझी आई याच्यावरून रोज कोणा ना कोणाला बोलायची. हे दाखवायला बसवलंत मला?”

दुसऱ्या नळीत ताम्हनातलं पाणी. द्रावण. हलवलं.

हिरवं ते हिरवंच.

साहेबांच्या कपाळाला जरा वेगळी आठी पडली. “हेही तांब्याचंच. दही तेच?”

मी मान हलवली.

“रात्रभर दोन्ही?”

मी मान हलवली.

“तुम्ही ताम्हनात पाणी जास्त घातलंत. पातळ झालं असेल, म्हणून दिसत नसेल.”

ते असं म्हणणार हे मला ठाऊक होतं. पण पुढचं करायच्या आधी माझं एक काम होतं. मी अक्षता घेतल्या, मनातल्या मनात उत्तरपूजा केली, महादेवाला म्हटलं, उशीर झाला, रागावू नकोस, आता स्वस्थानी जा आणि पुन्हा ये. अक्षता वाहिल्या आणि लिंग किंचित हलवलं. उत्तरपूजा झाली की देव जातो, उरते ती माती. आईनं मला हे अगदी लहानपणी, माझं पहिलं लिंग पाण्यात विरघळताना बघून मी रडले होते तेव्हा सांगितलं होतं. जिथे पाणी साचलं होतं तिथली, तळाची चिमूटभर माती मी नखानं काढली.

पाण्यातून बयनाबाई बघत होती. “बाई, देवाले काहून खरडता?” ती म्हणाली आणि काठाशी आली.

तिसऱ्या नळीत ती माती, थोडं स्वच्छ पाणी, द्रावण. मी हलवलं, नळी उन्हात धरली. खाली माती बसत गेली आणि वर जांभळा रंग चढत गेला.

मग बयनाच म्हणाली, “म्हंजे तांबं पाण्यात नाही, मातीत जाऊन बसलं?”

साहेबांनी स्वतःच पुडीकडे बोट केलं. “ही काय? न पुजलेली?”

मी मान हलवली. चौथ्या नळीत त्याच वारुळाची कोरडी माती. हिरवं. हलवलं, पुन्हा हलवलं. हिरवंच.

शितोळे साहेबांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. त्यांनी तिसरी नळी उचलून नाकाशी आणली, जसा काही तांब्याला वास असतो.

“तुम्ही हे उकळलं नाहीत,” ते हळूच म्हणाले. आता त्यांचाच आवाज खाली आला होता. “नुसतं थंड पाण्यात हलवलंत आणि सुटलं. म्हणजे ते मातीच्या अंगात नाही. अंगाला धरलेलं आहे. बोडीचा गाळ तुम्ही उकळूनच तपासला होतात. मीच सांगितलं होतं, सगळं उकळा.”

ते उठले, दोन पायऱ्या उतरले, बुटासकट पाण्यात गेले आणि मूठभर काळा गाळ घेऊन आले. मी नळी पुढे केली. थंडच, न उकळता. हलवायला घेतली आणि तिसऱ्यांदा हलवायच्या आत जांभळी.

“दगडातलं तांबं असतं तर ॲसिडशिवाय जागचं हललं नसतं,” साहेब म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते, डोमाजीशी नाही, कोणाशीच नाही. “चिकणमातीचा कण म्हणजे पानांची चवड. पानापानांत जागा. पाणी येतं, तांबं पानांत अडकतं, पाणी पुढे जातं. आणि आपण त्या पुढे गेलेल्या पाण्याला विचारतोय, तांबं कुठाय. ते काय सांगणार बिचारं!” मग एकदम मान वर करून, “बाई! बोडीत पाणी येतं कुठून?”

मी बयनाकडे बघितलं.

“पावसाचं येते जी,” ती म्हणाली. “अन् वरून एक झिरा हाये. त्या टेकडीकून.”

“बारमाही?”

“करंगळीयेवढा. पण आटत नाही.”

साहेब तीरासारखे निघाले. मी नळ्या पिशवीत टाकल्या, ताम्हन उचललं आणि मागे. माझ्यामागे बयना, तिच्यामागे डोमाजी, आणि डोमाजीमागे कुदळी खांद्यावर टाकून त्याची सगळी माणसं. बोडीच्या वरच्या अंगाला पळसाच्या झुडपांतून चढ लागला. साडीचा काठ काट्यांत अडकत होता, दोन्ही हात गुंतलेले. बयनानं पुढे होऊन तो सोडवला आणि माझ्या कमरेला खोचून दिला.

“संभाळून जी. देव सांडन.”

खडकाच्या एका फटीतून पाणी पाझरत होतं. तिथे अजून माती नव्हती, नुसता उघडा दगड. साहेबांनी नळी फटीला लावली, भरली, स्वतःच द्रावण घातलं आणि स्वतःच हलवलं.

हिरवं.

त्यांनी आणखी हलवलं. नळी उन्हात धरली, सावलीत धरली. हिरवं.

“नाही,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. मला वाटतं त्या क्षणी त्यांना माझं म्हणणं खरं ठरावं असं माझ्याइतकंच वाटत होतं. “काहीच नाही हो बाई.”

खाली पाळीवरचा चुना पांढरा दिसत होता. बयना माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मला बोलता येत नव्हतं.

मी ताम्हन एका सपाट दगडावर ठेवलं आणि पिशवीतली मोठी बाटली काढली, नळी धुवायच्या पाण्याची. ती ओतून रिकामी केली, झऱ्याच्या पाण्यानं विसळली आणि फटीखाली धरली. करंगळीएवढी धार. बाटली भरेपर्यंत सगळे उभे. कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं, कोणीतरी हसलं, डोमाजीनं त्याला दटावलं. बाटली भरली तेव्हा मी तिच्यात द्रावण घातलं, अगदी थोडंसं, तळहातावर मावेल एवढं. झाकण लावलं आणि दोन्ही हातांनी हलवायला लागले.

साहेबांना कळलं. “एवढ्या पाण्यातलं सगळं त्या थेंबांत गोळा करताय,” ते म्हणाले. “करा. करा. नळीभर पाण्यात ते दिसणार नाही. बोडीनं काही नळीभर पाणी प्यायलेलं नाही.”

हात भरून आले. मी बाटली दगडावर ठेवली. द्रावण तळाशी जमायला लागलं. पहिला थेंब मला हिरवा वाटला. मग वाटलं, पळसाच्या पानांची सावली पडलीय. मी बाटली सरकवून उन्हात ठेवली.

जांभळं होतं. फिकट, वांग्याच्या फुलासारखं. पण जांभळं.

शितोळे साहेबांनी मोठ्यानं श्वास सोडला. मग ते खडकाकडे बघत राहिले, फटीकडे, फटीच्या वरच्या उताराकडे, आणि त्यांच्या डोळ्यांत ती चमक आली जी मी त्या कॅम्पात एकदाही पाहिली नव्हती.

“डोमाजी!”

“जी साहेब.”

“खाली बोडीपाशी काय काय सामान आहे?”

“घमेली हाये, दोर हाये, पहारी हाये.”

“सगळं वर आण. पाळीला हात लावायचा नाही. चुना टाकलाय तोही पुसून टाक. आपण चुकीच्या टोकाला उभे होतो. पाणी जिथून तांबं घेऊन येतंय ते इथे वर कुठेतरी आहे.”

बयनाबाई तिथेच खाली बसली. ओलं लुगडं, हाताला वेलांचा चीक, गुडघ्यांत डोकं. मला वाटलं रडतेय. जवळ गेले तर ती हसत होती, आवाज न करता, खांदे हलत होते नुसते.

“अवो बाई,” ती म्हणाली, “आदीच सांगतलं असतं तं आमी कच्चे शिंगाडे तोडले नसते ना जी.”

उतरताना मी सगळ्यांच्या मागे होते. बोडीच्या पायऱ्यांवर आले, शेवटच्या दगडावर वाकले आणि ताम्हन पाण्यात बुडवलं. लिंग जरा वेळ तसंच राहिलं. मग त्याच्या कडा विरल्या, ते कलंडलं, विरघळलं, आणि शिंगाड्यांच्या पानांखालून त्याचा ढग बोडीच्या तळाकडे गेला. ताम्हनातून रात्रीत सुटलेलं जे काही तांबं त्या मातीनं धरलं होतं, तेही आता बोडीच्या तांब्यात जाऊन मिळालं. मी हात जोडले.

“झालं, साहेब,” मी म्हटलं. माझ्या नेहमीच्याच आवाजात.

ते पाळीवर होते, बरेच लांब, पायानं चुना पुसत होते. मला वाटलं पुन्हा म्हणायला लागेल.

“ऐकलं, बाई,” ते म्हणाले.

पुढे टेकडीवर खंदक घेतला तेव्हा दगडाच्या भेगांत हिरव्या रेघा सापडल्या. नागपूरहून वरिष्ठ आले, त्यांनी हातात घेऊन पाहिल्या, साहेबांची पाठ थोपटली. खाण व्हावी एवढं काही त्या टेकडीत नव्हतं, असं पुढच्या हंगामात ठरलं. पण तांबं होतं, आणि आम्ही सांगितलं तिथेच होतं. साहेबांना तेवढं पुरलं. माझी तर मागणीच निराळी होती, बोडी वाचावी एवढीच. त्यानंतर मी ज्या ज्या कॅम्पात गेले तिथे गाळ दोनदा तपासला जायचा, एकदा थंड आणि एकदा उकळून. शितोळे साहेबांनी तसा शिरस्ताच घालून दिला, आणि कोणी कारण विचारलं की म्हणायचे, “चौथाईवाले बाईंच्या महादेवाला विचारा.”

पण त्या दिवशीचं अजून थोडं राहिलं होतं. विसर्जन झालं तरी नवी पूजा व्हायची होती, आणि ऊन वर आलं होतं. मी राहुटीकडे निघाले तर बयनाबाई आडवी आली. तिच्या ओंजळीत गाळाचा गोळा होता, काळाभोर, लोण्यासारखा मऊ.

“कुठी चालल्या? वारुळाकडं? आज ह्या मातीचा करा ना जी देव. आमच्या बोडीची हाये. चालते का?”

मी हात पुढे केले. तिनं तो गोळा माझ्या ओंजळीत ठेवला. थंडगार होता, आणि दिसायला एवढासा असून चांगलाच जड.

“चालते,” मी म्हटलं.

तिथेच दगडावर बसून मी त्याचं लिंग केलं. बयनानं शेजारी चार सोललेले शिंगाडे ठेवले, नैवेद्याला. कच्चेच होते, दुधाळ. ती माती मात्र मी तपासली नाही.